ट्रेलर पाहताना जोड शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुढच्या महिन्याभरात पाच-सहा चित्रपट लागणार आहेत आणि सगळ्यांचे ट्रेलर आले आहेत. विचारणारे नाशिकचे आहेत. ट्रेलर आवडला म्हणून घरच्या पाच जणांना घेऊन गेलो आणि निराश होऊन परतलो, असं त्यांच्याबाबतीत दोनदा झालं. उलट, ज्याचा ट्रेलर अर्धवट बंद केला होता तो चित्रपट सहा महिन्यांनी घरी पाहिला आणि डोळ्यांत पाणी आलं. मग ट्रेलरवरून खरंच काही कळतं का, की सगळा नशिबाचा भाग?

कळतं, आणि बरंच कळतं. पण पहिल्या फटक्यात आपण ज्या गोष्टीवर मत बनवतो, ती गोष्ट बहुतेक वेळा चुकीची असते.

मी गेली १७ वर्षं अंधेरीत प्रोमो आणि ट्रेलर कापते. सुरुवात मालिकांच्या प्रोमोंपासून झाली, मग हिंदी चित्रपट आले, आणि आता बरंचसं काम मराठीचं असतं. काम कसं होतं ते आधी सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. माझ्याकडे चित्रपट येतो तेव्हा तो पूर्ण झालेला असतोच असं नाही. रंगसंगतीचं काम, म्हणजे डीआय, बाकी असतं. पार्श्वसंगीत अजून बसलेलं नसतं. व्हीएफएक्सच्या, म्हणजे संगणकावर तयार होणाऱ्या दृश्यांच्या, जागी हिरवा पडदा दिसत असतो. सव्वादोन-अडीच तासांचा कच्चा कट आणि त्याबरोबर एक वाक्य, एवढंच हातात येतं. ते वाक्य कधी "फॅमिली ऑडियन्स यायला पाहिजे" असं असतं, कधी "कॉलेजच्या पोरांना खेचायचंय", कधी "पुण्या-मुंबईचा प्रेक्षक येईलच, सातारा-सांगली-कोल्हापूर आणा". ट्रेलरमधला जवळजवळ प्रत्येक निर्णय त्या वाक्यातून निघतो.

म्हणून ट्रेलर पाहून सर्वांत खात्रीनं कळतं ते हे, की हा चित्रपट कुणाला विकायचा असं ठरलंय. चित्रपट कसा आहे हे त्याच्या मागे दडलेलं असतं. ते बघायचं तर शॉटपेक्षा शॉटांमधले जोड, म्हणजे एका शॉटला पुढचा शॉट किंवा आवाज कुठे जोडलाय ते, बघायला शिकावं लागतं.

एक उदाहरण देते. हे मी रचलेलं आहे, पण या पद्धतीचं काम आम्ही रोज करतो. चित्रपटात कोकणातल्या एका घराच्या पडवीत आई मुलाला म्हणते, "तू परत येऊ नकोस असं मी कधी म्हटलं?" मायेनं म्हणते, जवळजवळ रडवेली होऊन. ट्रेलरमध्ये कात्री "नकोस"वर पडते. "तू परत येऊ नकोस." त्या वाक्याखाली निघालेल्या एसटीचा शॉट, मग मुलाचा वळलेला चेहरा, मग काळोख. आता हा चित्रपट घर तोडणाऱ्या आईचा झाला. प्रत्येक शॉट खरा, प्रत्येक शब्द चित्रपटातलाच, आणि तरी जे तुम्हाला कळलं ते चित्रपटात कुठेही नाही. शॉट खोटं बोलत नाहीत, जोड बोलतात.

हे पकडायची खूण सोपी आहे. वाक्य ऐकू येत असताना बोलणाऱ्याचे ओठ दिसतात का ते पाहा. ट्रेलरमधले वजनदार संवाद एखाद्या दृश्यावर, पाठमोऱ्या माणसावर किंवा गाडीच्या काचेवर पसरलेले असतील, तर ते वाक्य कुठून तरी उचलून आणलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. माणूस समोर दिसतोय, बोलतोय, आणि वाक्य संपल्यावरही कॅमेरा त्याच्यावरच आहे, तर ते तसंच घडतं यावर बऱ्यापैकी विश्वास ठेवा. प्रतिक्रियेच्या शॉटचंही तेच. नायिका दचकून वळून पाहते आणि पुढच्या शॉटमध्ये दारात पोलीस उभे. चित्रपटात ती कदाचित उतू जाणाऱ्या दुधाकडे वळली असेल. पाहणारी आणि पाहिलेलं एकाच चौकटीत आहेत का, हे एकदा तपासायला लागलात की सवय लागते.

दुसरी खूण शॉटच्या लांबीची. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात. ट्रेलरच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात जो भडिमार असतो, त्यातले शॉट कधी आठ, कधी बारा फ्रेमचे असतात. अर्ध्या सेकंदात कुठल्याच नटाचं काम वाईट दिसू शकत नाही, आणि कुठलाच सेट हलका वाटत नाही. त्यामुळे त्या भागावरून मत करूच नका. ट्रेलरच्या मध्यावर कुठेतरी दोन माणसं एका चौकटीत चार-पाच सेकंद एकमेकांशी बोलताना दिसतात का, ते शोधा. नट चांगले असतील आणि प्रसंग नीट लिहिलेला असेल, तर आम्ही स्वतःहून तो तुकडा न कापता ठेवतो. त्याला हात लावायचं जिवावर येतं. दोन मिनिटं वीस सेकंदांत असा एकही तुकडा नसेल, तर कापणाऱ्याला तो सापडला नाही, असा माझा पहिला संशय असतो.

अर्थात शांत चित्रपटांच्या बाबतीत हा हिशेब उलटा बसतो. 'कोर्ट'सारख्या चित्रपटात कॅमेरा लांब उभा राहून मिनिटच्या मिनिटं कोर्टाची खोली पाहत राहतो. अशा चित्रपटातून वेगवान ट्रेलर काढता येतो, पण काढला तर तो दुसऱ्याच चित्रपटाचा होतो. न काढला तर मोबाईलवर पाहणारा दहाव्या सेकंदाला निघून जातो. यूट्यूबवरची जाहिरात पाच सेकंदांनी सोडून देता येते. म्हणूनच हल्ली अनेक ट्रेलर सुरू होण्याआधी त्याच ट्रेलरचे धावते चार-पाच सेकंद दाखवतात. त्या पाच सेकंदांच्या भीतीनं किती चांगल्या चित्रपटांची चाल बिघडवली आहे, हे मी एडिट टेबलवर बसून पाहिलंय आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिसरी गोष्ट संगीताची. ट्रेलरमधला अंगावर येणारा आवाज बहुतेक वेळा चित्रपटाचा नसतोच. चित्रपटाचं पार्श्वसंगीत तयार नसतं, म्हणून तयार संगीताच्या संग्रहातून तुकडा विकत घेतात किंवा ट्रेलरपुरतं वेगळं करवून घेतात. २०१० च्या 'इन्सेप्शन'च्या गाजलेल्या ट्रेलरवर झॅक हेम्सीचं 'माइंड हाइस्ट' वाजतं. चित्रपटाचं संगीत हान्स झिमरचं, आणि 'माइंड हाइस्ट' त्यात नाही. त्या वर्षानंतर पितळी वाद्यांचा तो लांब घोगरा दणका जगभरच्या ट्रेलरांत शिरला, आपल्याकडेही आला. ट्रेलर पाहून काटा आला तर तो कशानं आला, हे स्वतःला विचारून पाहा. विनोदी चित्रपटात हीच परीक्षा दुसऱ्या बाजूनं होते. प्रत्येक विनोदानंतर "टुंग" किंवा "फुस्स" असा आवाज टाकलेला असेल, तर विनोदाला टेकू लागतोय हे कापणाऱ्याला जाणवलेलं आहे.

आता सगळी गोष्ट सांगून टाकणाऱ्या ट्रेलरबद्दल. ही तक्रार मला नेहमी ऐकू येते आणि ती रास्त आहे. निर्मात्याची बाजू एवढीच की "गोष्ट कळलीच नाही तर माणूस पैसे का मोजेल?" ही भीती खरी आहे, कारण मराठी चित्रपटाला अनेकदा पहिल्या आठवड्यात मोजकेच खेळ मिळतात, तेही दुपारचे. म्हणून मध्यंतरापर्यंतची गोष्ट ट्रेलरमध्ये ओतली जाते. पण लपवण्याची ताकद काय असते ते 'सैराट'नं दाखवलं. २९ एप्रिल २०१६ ला तो लागला तेव्हा लोक गाण्यांच्या नादानं गेले होते. शेवट प्रसिद्धीत कुठे नव्हता. थेटरातली ती शांतता ज्यांनी अनुभवली ते अजून तिच्याबद्दल बोलतात. त्याहून जुनं उदाहरण १९६० च्या 'सायको'चं. सहा मिनिटांहून मोठ्या ट्रेलरमध्ये हिचकॉक स्वतः सेटवर हिंडून घर दाखवतो, शेवटी न्हाणीघराचा पडदा सर्रकन ओढतो आणि एक बाई किंचाळते. ती बाई व्हेरा माइल्स आहे. चित्रपटातल्या त्या प्रसंगात जॅनेट ली आहे. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे पाहून आजही नवल वाटतं.

मग पहिलं मत कधीच खरं धरायचं नाही का? धरायचं, पण एका बाबतीत. चित्रपट *दिसतो* कसा, याबद्दल पहिल्या नजरेत जे वाटतं ते सहसा बरोबर निघतं. 'आदिपुरुष'चा टीझर, म्हणजे ट्रेलरआधीची छोटी झलक, २ ऑक्टोबर २०२२ ला अयोध्येत दाखवला गेला आणि व्हीएफएक्सवर लोकांनी लगेच नाराजी दाखवली. १२ जानेवारी २०२३ ची तारीख पुढे ढकलून चित्रपट १६ जूनला आला, आणि तीच नाराजी थेटराबाहेरही ऐकू आली. 'सॉनिक'च्या पहिल्या ट्रेलरमध्ये त्या निळ्या प्राण्याचा चेहरा पाहून २०१९ च्या एप्रिलअखेरीस प्रेक्षक इतके बिथरले, की निर्मात्यांनी त्याचं रूप नव्यानं घडवलं आणि चित्रपट २०१९ च्या नोव्हेंबरऐवजी १४ फेब्रुवारी २०२० ला आणला. तो चांगला चालला. व्हीएफएक्सचे शॉट टीझरच्या वेळी कच्चे असू शकतात हे मान्य, पण वेशभूषा, चेहरे, रंगांची जात, जागेचा खरेपणा या गोष्टी तोवर ठरून गेलेल्या असतात. डोळ्याला जे खटकलं ते खटकू द्या. गोष्टीबद्दलचं मत तेवढं राखून ठेवा.

तुमची प्रतिक्रिया कुणी वाचत नाही असंही समजू नका. 'छावा'चा ट्रेलर २२ जानेवारी २०२५ ला आला. त्यात संभाजी महाराज लेझीम खेळतानाचे काही क्षण होते आणि त्यावर महाराष्ट्रात जोरात आक्षेप घेतला गेला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते दृश्य चित्रपटातून काढत असल्याचं काही दिवसांतच सांगितलं, आणि १४ फेब्रुवारीला चित्रपट त्याशिवाय लागला. काढायला हवं होतं की नको, यावर माणसांची मतं वेगळी आहेत. मी फक्त एवढं दाखवतेय की ट्रेलरमध्ये आहे म्हणजे चित्रपटात असेलच असं नाही. ट्रेलर आणि अंतिम कट यांच्यामध्ये तीन आठवडे असतात, आणि त्या तीन आठवड्यांत बरंच काही होतं.

यावर आपल्याकडे कोर्टात निकालही झालेला आहे, आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रातून झाली. २०१६ च्या 'फॅन'चं 'जबरा फॅन' हे गाणं सगळीकडे वाजत होतं. औरंगाबादच्या एक बाई ते पाहून कुटुंबाला घेऊन गेल्या आणि चित्रपटात गाणंच नव्हतं. त्यांनी ग्राहक मंचाकडे तक्रार केली. जिल्हा मंचानं ती फेटाळली. राज्य आयोगानं मात्र मान्य केली, १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च द्यायला सांगितला, आणि राष्ट्रीय आयोगानंही तो निर्णय कायम ठेवला. यशराज फिल्म्स सर्वोच्च न्यायालयात गेली. २२ एप्रिल २०२४ ला न्यायालयानं आधीचे आदेश रद्द केले. प्रसिद्धीचा ट्रेलर हा करारातला प्रस्ताव किंवा वचन ठरत नाही, प्रेक्षकाला तिकीट घ्यायला उद्युक्त करणं एवढाच त्याचा हेतू असतो, असं त्यात म्हटलं आहे. कायदा म्हणून मला ते पटतं. ट्रेलरमधला प्रत्येक शॉट चित्रपटात असायलाच हवा असा नियम झाला तर आमचं काम उभंच राहणार नाही. पण त्या बाईंचं दुःखही मला पुरतं कळतं. कायद्यानं वचन नसलं तरी प्रेक्षक ते वचन म्हणूनच घरी घेऊन जातो, मुलांना सांगतो, रविवार मोकळा ठेवतो.

आणि आता तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे येते: न आवडलेल्या ट्रेलरचा चित्रपट का आवडला?

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मराठी चित्रपट आला. निवृत्त एसटी कंडक्टर, हळूहळू विसरत चाललेला. बायकोचं नाव विसरतो, पण चाळीस वर्षांपूर्वीच्या मार्गावरचे सगळे थांबे ओळीनं सांगतो. पहिल्या अर्ध्या तासात तीन प्रसंग हसवणारे होते, पुढे चित्रपट गंभीर होत जातो. निर्मात्यांना भीती होती की आजारपणाचा चित्रपट म्हटल्यावर कुणी फिरकणार नाही. सांगणं आलं, "हलकाफुलका दिसू दे." मी दोन बैठकांत विरोध केला, थांबे सांगण्याच्या प्रसंगावर बेतलेला एक मिनिट दहा सेकंदांचा वेगळा कट करून दाखवला. तो कुणाला नको होता. शेवटी मी तिन्ही विनोदी प्रसंग घेऊन चटपटीत ट्रेलर कापला आणि तो गाजला.

शुक्रवारी ठाण्यात पहिल्या दुपारच्या खेळाला मागच्या रांगेत जाऊन बसले. मुलांना घेऊन आलेली कुटुंबं होती. अर्धा तास मोठमोठ्यानं हसली. मग चुळबुळ सुरू झाली, मोबाईलचे उजेड दिसायला लागले, मध्यंतरानंतर दोन रांगा रिकाम्या. पुढे डावीकडे एक वयस्क गृहस्थ एकटे बसले होते. नावं संपून दिवे लागले तरी ते उठले नाहीत. त्या खेळात तो चित्रपट त्यांचा एकट्याचाच होता. त्यांच्यासारखी माणसं शहरात किती असतील, आणि तो ट्रेलर पाहून "काहीतरी पाचकळ दिसतंय" म्हणत घरीच राहिली असतील, हे माझ्या मनातून अजून जात नाही. दुसऱ्या आठवड्यात चित्रपट उतरला.

तुमचे दोन्ही अनुभव या एकाच ठिकाणाहून येतात. ट्रेलर चुकीच्या दाराशी जाऊन हाक मारतो तेव्हा ज्यांना नको होता ते येऊन नाराज होतात, आणि ज्यांच्यासाठी होता त्यांना हाक ऐकूच येत नाही. तुम्ही एकदा एका दाराशी होतात, एकदा दुसऱ्या. तुमची पारख चुकली असं मला वाटत नाही.

व्ह्यूजच्या आकड्यांवरून तर काहीच ठरवू नका. जाहिरात म्हणून पुढे आलेला ट्रेलर अर्धा मिनिट पाहिला गेला की तोही व्ह्यूजमध्ये धरला जातो. लहान मुलांना नेणार असाल तर चित्रपटाचं प्रमाणपत्र पाहा. 'यूए'मध्ये आता ७+, १३+ आणि १६+ असे गट आहेत. थेटरात लागणारा ट्रेलर सेन्सॉरकडून जातो, पण यूट्यूबवरच्या ट्रेलरला त्या प्रमाणपत्राची गरज नसते. त्यामुळे ट्रेलर सोज्वळ आणि चित्रपट १६+, किंवा याच्या उलट, असं दोन्ही होऊ शकतं.

मी स्वतः दुसऱ्यांचे ट्रेलर दोनदा पाहते. एकदा आवाज पूर्ण बंद करून. तेव्हा संगीताचा आधार निघून जातो आणि चेहरे उरतात, प्रकाश उरतो, माणसं खरंच एकमेकांकडे पाहतायत की नाही ते दिसतं. दुसऱ्यांदा मोबाईल पालथा ठेवून नुसता ऐकते. ही सवय रेडिओनं लावली. माझ्या लहानपणी विविध भारतीवर नव्या चित्रपटांचे पंधरा मिनिटांचे प्रायोजित कार्यक्रम लागायचे, अमीन सयानींच्या आवाजातले कितीतरी. आई भाकऱ्या थापताना ते ऐकायची आणि संवादांवरून ठरवायची, हा बघायचा, हा नको. चित्र नसताना लेखन उघडं पडतं. वाक्यं माणसांच्या तोंडची आहेत की पोस्टरवर छापायची आहेत, ते लगेच ऐकू येतं.

आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे. गुडघ्यांमुळे वर्षाला दोनच चित्रपट थेटरात पाहते, म्हणून निवडायची जबाबदारी माझ्यावर असते. शुक्रवारी मी जात नाही, नेतही नाही. ट्रेलर तिला फक्त ऐकवते आणि तिचा चेहरा पाहते. मधल्या सोमवार-मंगळवारी चित्रपट पाहून आलेल्या, तिच्याच वयाच्या कुणाशी तरी फोनवर बोलते. तरीही ती "चल" म्हणाली, तर बुधवारी दुपारच्या खेळाची, मधल्या वाटेकडच्या दोन खुर्च्यांची तिकिटं काढते.